तिरप्या उजेडात

ब्रशचं टोक जिभेवर ओलं करून उल्काने आईच्या कपाळावर कुंकू टेकवलं. फोटोतल्या आईच्या. खरी आई, मालिनी, शेजारी बसून बघत होती. तिचं कपाळ मार्चपासून मोकळं होतं.

जर्मनीत, हायडेलबर्गच्या शाळेत फोटोग्राफी हा विषय होता. उल्काने तो घेतला तो केवळ लॅटिन टळावं म्हणून. शाळेच्या तळघरात हेर लांपर्ट, म्हणजे लांपर्ट सर, रिटचिंग शिकवत. फोटोवरचा डाग किंवा ओरखडा बारीक ब्रशने, शाईने असा भरायचा की कुणाला पत्ता लागू नये. उल्काचा हात चांगला होता. वर्गात तिचं कौतुक व्हायचं. त्या कौतुकाचा घरी असा उपयोग होईल असं तिला वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये तिचे बाबा, श्रीरंग, न्यूमोनियाने गेले. त्यांची डॉक्टरेटची शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. त्याच आठवड्यात पुण्याहून भास्करकाकांचं पत्र आलं की आजोबांना हार्ट अटॅक येऊन गेला, कुठलीही वाईट बातमी त्यांच्या कानावर पडू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि घरी येणारं प्रत्येक पत्र आजोबा स्वतः फोडून मोठ्याने वाचायचे. मग मालिनीने लिहायचं तरी कसं? आज लिहू, उद्या लिहू करता करता दिवाळी आली. ती विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूटमध्ये काचेची भांडी धुवायची आणि पुण्याला कळवायची की हे अभ्यासात बुडालेत. तिकडून येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर 'सौ. मालिनी' असायचं, ते वाचताना तिचा जीव जायचा. घरी परतावं, आपल्या माणसांत बसून एकदा पोटभर रडावं, एवढंच तिला हवं होतं. नेमकं तेच करता येत नव्हतं.

दिवाळीला आजीने फोटो मागितला. फोटोपुरतं खरं कुंकू लावायला मालिनी तयार होईना. लपवणं वेगळं आणि कपाळाला खोटं लावणं वेगळं, असं तिचं म्हणणं. म्हणून हा ब्रश. फोटोत बाबा का नाहीत, तर फोटो त्यांनीच काढला म्हणून. हे उल्काला सुचलं, आणि सुचल्याची तिला लाज वाटली.

पुण्याहूनही फोटो आला. खुर्चीत एकटी आजी, नऊवारीत, कपाळावर ठसठशीत कुंकू. आजोबांना जिना उतरवत नाही, हातही थरथरतो, म्हणून हल्ली मीच लिहितो, असं काकांनी सोबत कळवलं होतं. सासूबाई बऱ्या दिसतात म्हणून मालिनीला जरा बरं वाटलं.

उल्काने सवयीने फोटो खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला. हेर लांपर्ट प्रत्येक फोटो असाच तपासत. कागद सगळीकडे सारखा चमकतो, शाई लागलेली जागा तेवढी चमकत नाही. आजीचा चेहरा चमकत होता. कपाळाच्या मधोमध एक गोल ठिपका मात्र निस्तेज होता.

तिने दोनदा पाहिलं. मग आईला जवळ बोलावून दाखवलं.

मालिनीने फोटो हातात घेतला, स्वतः तिरपा केला.

"मामंजी गेले," ती म्हणाली.

उल्काला रडू आलं. रडता रडताच तिच्या मनात आलं की आता लपवायचं कारणच उरलं नाही. आईच्याही ते मनात आलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. दुःख नव्हे, सुटका.

"आल्झो... म्हणजे, आता लिहायचं ना आजीला?" उल्काने विचारलं. "आता घरी जाता येईल ना?"

मालिनी फोटोकडे बघत राहिली. चेहऱ्यावर आलेली सुटका हळूहळू मावळली.

"तुझ्या बाबांनी परीक्षा सोडून धावत येऊ नये, म्हणून सासूबाईंनी हे लपवून सोसलं," ती म्हणाली. "ते बाबाच नाहीत, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने लिहू?"