पिवळी ताटली

“झाडाला विचारून पान तोडावं, पोरी,” अंगणातला पाला खुडताना बाबा तिला लहानपणी म्हणायचे. त्याच पाल्याचा अर्क तिनं प्रयोगशाळेत त्वचेच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला. वर पिवळा रंग घातला की जगलेल्या पेशी तो जांभळा करतात. तिची ताटली पिवळी राहिली. आनंदाच्या भरात तिनं घरी सांगितलं, “सगळ्या मेल्या!” तेव्हापासून बाबा तळपायावरच्या, त्याच कॅन्सरच्या काळ्या व्रणाला तोच पाला बांधायचे. ऑपरेशनचं नाव काढलं की हसायचे, “डॉक्टरला म्हणावं, सुरीनं कांदे चीर! माझ्या लेकीनं रोग मारलाय.” महिन्यापूर्वी तिनं राहून गेलेली चाचणी केली: पाला नाही, अर्क काढायचं नुसतं स्पिरिट. तीही ताटली पिवळीच. रोज सांगायला जायची, पण त्यांच्यापुढे जीभ रेटायची नाही. आज पट्टी सोडताना त्यांच्या गुडघ्यामागची नवी गाठ तिच्या हाताला लागली; रोग वर चढला होता. “बाबा, पाल्यानं पेशी मेल्याच नव्हत्या. स्पिरिटनं मेल्या. मला महिनाभर ठाऊक होतं.”