ओलीस ठेवलेलं बाळ

संत अंतोनीच्या हातातलं बाळ गायब होतं.

सासूबाई दुपारी मेणबत्ती लावायला गेल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. कोनाड्यातला संत होता तसाच उभा होता, मान खाली, डावा हात बाळाला घेतल्यासारखा वाकवलेला, आणि बाळ येशूच्या जागी नुसतं एक भोक. मूर्ती पडून फुटली असती तरी त्यांना एवढी भीती वाटली नसती. पण बाळ काढून घेण्याचा अर्थ त्या घरात एकच होता, आणि तो त्यांनी स्वतःच सुनेला शिकवला होता.

अंतोनी हरवलेल्या वस्तू शोधून देतो. कधीकधी चालढकल करतो, तेव्हा त्याचं बाळ काढून लपवायचं आणि त्याला बजावायचं, माझं दे, मग तुझं घे. सासूबाई घरी शिवणकाम करायच्या. कात्री, बॉबिन, गिऱ्हाइकाचं चांदीचं बटण, सगळं त्यांनी असंच वसूल केलं होतं. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे शब्द टाकायला सांगायच्या, जणू काही त्यांचा वर वशिलाच होता. अंतोनीने कधी निराश केलं नाही. वस्तू कुठल्या अवस्थेत मिळेल याची हमी मात्र त्याने कधी घेतली नव्हती. शेजारणीचं मांजर त्याने शोधून दिलं होतं, ते पाण्याच्या टाकीत.

मुलगा मासेमारीच्या बोटीवर गेला आणि बोटीसकट परत आला नाही, तेव्हा सासूबाई मारियामातेपुढे रडल्या, चर्चमध्ये मुलासाठी मिस्सा सांगितल्या, उपास केले. अंतोनीपुढे मात्र त्यांनी ब्र काढला नाही. फादरनी कारण विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. तो शोधून देईल याची त्यांना खात्री होती, आणि भीती त्याचीच होती. मुलाचे शर्ट त्या धुऊन, इस्त्री करून पुन्हा कपाटात ठेवायच्या. जेवायला त्याचं ताट वाढायच्या.

सून मशीनवर पडद्याला किनार मारत बसली होती. सासूबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कुठे ठेवलंस?"

सुनेने पाय थांबवला नाही. बटणांच्या डब्याकडे नुसती मानेने खूण केली. सासूबाईंनी विचारलं, कधी काढलंस, तर म्हणाली, सकाळी. मग मात्र तिचा पाय थांबला.

"ते ताट रोज वाढायचं आणि रोज तसंच उचलायचं, आता नाही होत माझ्याच्याने. अंतोनीला सांगितलंय मी, जसा असेल तसा दे."

"जसा असेल तसा?"

सुनेने पुन्हा मशीन चालवायला घेतलं.

सासूबाईंनी डबा जमिनीवर उपडा केला. म्हातारीला तेवढं एकच सुचलं. संध्याकाळच्या आत त्याचं बाळ त्याला परत द्यायचं, पोरीची चूक झाली म्हणून माफी मागायची, मागणं मागे घ्यायचं. अंतोनी तसा समजूतदार आहे. सगळीकडे बटणं घरंगळली. बाळ सापडलं, अंगठ्याएवढं, एक हात वर केलेलं. त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि कोनाड्याकडे वळल्या.

तेवढ्यात दार वाजलं.

सून गेली. दारात बंदरावरचा माणूस होता, टोपी हातात घेतलेली. तो हळू आवाजात बोलत होता. त्याने पिशवीतून शर्टाची एक बाही काढली आणि विचारलं, ही शिलाई याच घरातली आहे का. सुनेने कफ उलटा करून पाहिला. कफाच्या आत सासूबाई नेहमी एक निळा टाका घालायच्या, मुलाच्या शर्टांची खूण म्हणून. बराच वेळ ती तो टाका बोटाने चाचपत राहिली. मग हो म्हणाली.

दार लोटून ती आत आली. सासूबाई कोनाड्यापाशी उभ्या होत्या. बाळाच्या तळाची खुंटी संताच्या हातावरच्या भोकात जायला बोटभर अंतर होतं. सुनेचं तोंड बघितलं आणि त्यांनी हात मागे घेतला.

सुनेने तळहात पुढे केला.

"द्या, आई. त्याचं त्याला देऊन टाकू या."

सासूबाईंनी मान हलवली. बाळाचा वर केलेला हात तळव्यात रुतत होता, तरी त्यांनी मूठ आणखी घट्ट आवळली.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझं अजून सापडलेलं नाही."