फळ्यावरची चौथी ओळ

चौथी ओळ लिहिताना खडू मोडला. नरसिंहरावांनी उरलेला तुकडा चिमटीत धरून ओळ पुरी केली आणि दोन पावलं मागे सरून फळा पाहिला. अक्षर अजून शाबूत होतं. सगळी नोकरीभर शाळेच्या दारात रोज सकाळी दिनविशेष लिहिणाऱ्याचं अक्षर असं सहजासहजी बिघडत नाही.

सांगलीत ते मराठीत लिहायचे, इथे दिल्लीच्या द्वारकेत हिंदीत. वर ठळक 'आज के दिन, २४ जुलाई'. १९११ साली पेरूच्या डोंगरातलं माचू पिच्चू जगापुढे आलं. १९६९ साली चंद्रावर गेलेली मंडळी परत येऊन समुद्रात सुखरूप उतरली. १९९१ साली देशाची दारं उघडणारं बजेट संसदेत मांडलं गेलं, त्याला आज पाच वर्षं झाली. हे तिन्ही त्यांनी पुस्तकांतून पडताळून घेतलं होतं. चौथ्या ओळीसाठी पुस्तक उघडावं लागलं नाही. ती त्यांच्या स्वतःबद्दल होती.

फळा सोसायटीच्या गेटाशी होता. सेक्रेटरीने मोठ्या मेहरबानीने वरचा अर्धा भाग त्यांना दिला होता. खालच्या अर्ध्यात पाण्याचा टँकर कधी येणार ते लिहिलेलं असे. लोक फळ्यापाशी थांबत, पण ते टँकरसाठी. वरच्या भागाकडे कोणी पाहतं की नाही, हे नरसिंहरावांना दोन वर्षांत कळलं नव्हतं. आज त्याचा काय तो सोक्षमोक्ष लागणार होता. वाचलं असेल तर माणूस घरी आल्याशिवाय राहणार नाही, आणि एक जरी आला तरी त्यांना पुरे होतं.

"नमस्ते अंकलजी," गार्ड म्हणाला.

"नमस्ते."

सांगलीत ते खांबेटे मास्तर होते. दिल्लीत आल्या दिवशी ते अंकलजी झाले, ते झालेच. घराच्या दारावर इंग्रजीत दोनच नावं, प्रतीक आणि अक्षया. आडनाव लावायची आता फॅशन नाही म्हणे. मुलगा आणि सून दोघंही कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत गेलेली. जाताना त्यांनी फ्रिज भरून ठेवला होता, केबल लावून दिली होती. कसलीच कमी नव्हती. तोंड उघडायला माणूस तेवढा नव्हता.

वर आल्यावर त्यांनी दाढी केली आणि इस्त्रीचा सदरा घातला. सोफा भिंतीला सारून हॉलभर सतरंजी पसरली, तिच्यावर अक्षयाच्या कपाटातली धुतलेली चादर. चिवडा केला. कप कमी पडतील म्हणून स्टीलचे पेले बाहेर काढले. मग दार सताड उघडं ठेवून ते खुर्चीत बसले.

फोन वाजला. प्रतीकच होता.

"बाबा, आज काय विशेष?"

नरसिंहरावांनी तिन्ही घटना सांगितल्या.

"सही यार बाबा, तुम्ही सोसायटीचा जीके पक्का करणार. औषध घेतलंत ना? कोणी येतं-जातं का घरी?"

"आज येतील."

"अच्छा? कोण?"

"बघू. वाचतील ते येतील."

"चलो, मग मजा करा. ठेवतो, हां. बिल भारी येतं."

त्याने आणखी काही विचारलं नाही. नरसिंहरावांनाही पोराला उगाच घोर लावायचा नव्हता.

सकाळ ऑफिसांच्या गडबडीत गेली. लिफ्ट खाली-वर करत राहिली. दुपारी शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये सुतारकाम चाललं होतं, त्या ठोकाठोकीत बेल ऐकू येणार नाही अशी त्यांना धास्ती वाटली. दार उघडंच आहे, बेल कोण कशाला वाजवेल, हे नंतर लक्षात आलं आणि ते एकटेच हसले.

मागच्या महिन्यात तळमजल्यावरचे चोप्रा वारले, तेव्हाच या सोसायटीत एवढी माणसं राहतात हे त्यांना दिसलं होतं. एरवी मान वर न करणारे लोक दिवसभर मांडीला मांडी लावून बसले होते. कोणाकडून चहा आला, कोणाकडून पोळ्या. नरसिंहरावही बसले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना तिथून उठवत नव्हतं.

संध्याकाळ झाली. चहा दोनदा उकळून कडू झाला. कोणी फिरकलं नाही. नरसिंहरावांना रडू आलं, आणि या वयात कोणी पाहायला नसताना रडायची लाजही वाटली नाही. तोंड धुऊन ते चादरीची घडी करायला वाकले, तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

वरच्या मजल्यावरची लता भटनागर उभी होती. सरकारी ऑफिसातून थेट आलेली, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी.

"अंकलजी, आपका बोर्ड पढ़कर आई हूँ."

नरसिंहरावांच्या हातातून चादरीचं टोक सुटलं. "आप पढ़ती हैं?"

"बिल्कुल! रोज पढ़ती हूँ. ऑफिस में भी सबको सुनाती हूँ."

रोज! दोन वर्षं आपण भिंतीशी बोलत नव्हतो. आता हिला बसवायचं, गरम चहा द्यायचा, झाला प्रकार हसत हसत सांगायचा आणि कान पकडून माफी मागायची.

"आइए ना, बैठिए. मैं चाय..."

"नहीं नहीं अंकलजी, घर पे सब भूखे बैठे होंगे. बस एक बात पूछनी थी. वो जो आज गुजर गए, आखिरी लाइन में लिखा है आपने, नरसिंह विष्णु खांबेटे... साउथ के कोई बड़े लीडर थे क्या? कल दफ्तर की छुट्टी रहेगी?"