मंत्राचा कीस

गॉर्डीच्या तळघरातल्या फाशांच्या खेळात प्रत्येक जण एकेक पात्र होऊन खेळतो, आणि मेलेल्यानं बोलायचं नाही असा नियम आहे. ड्रॅगननं माझ्या तलवारबाजिणीला गिळलं तेव्हापासून मी दीड तास गप्प बसून चीझचे तुकडे चघळत होते, आणि माझा नवरा वेर्लिन तिला जिवंत करायच्या मंत्राचा कीस काढत होता. “हाडं ड्रॅगनच्या पोटात आहेत, म्हणजे देह शाबूतच धरायचा. मंत्राला हिरा हवा. चुरा नको असं कुठं लिहिलंय?” शेवटी खेळ चालवणाऱ्या गॉर्डीनं कपाळाला हात लावला. “चालतं बाबा, सगळं चालतं. फक्त आत्म्याची परत यायची इच्छा हवी.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “आहेच,” वेर्लिन नियमांच्या पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला. “सव्वीस वर्षं ओळखतो तिला. पुढे चल.” टेबलावरच्या खेळाच्या नकाशावर आडवी पडलेली माझ्या तलवारबाजिणीची शिशाची बाहुली मी पर्समध्ये टाकली. “नियम वाच, वेर्लिन. आत्म्याची इच्छा लिहिलीय. नवऱ्याची नाही.”