पहिला टाका

बारा जणींचा विणकामाचा ऑनलाइन गट महिनाभरात चार हजारांचा झाला आणि रोज कुणीतरी नवी विचारू लागली, "सुईवर पहिला टाका कसा घालायचा?"

"लिहून लिहून बोटं झिजली माझी!" त्या बारा जणींतल्या मास्तरीणबाई करवादल्या.

गट सुरू करणाऱ्या मावशींनी मग फक्त जुन्या बारा जणींसाठी वेगळा गट काढला. तिथे सगळ्यांना सगळंच येत होतं, त्यामुळे कुणी कुणाला काही विचारेना. तीन दिवस नुसतं चिडीचूप.

चौथ्या दिवशी मावशींना राहवलं नाही. त्या हळूच मोठ्या गटात डोकावल्या. एका नवख्या मुलीचा तोच प्रश्न होता. मावशी मोठ्या हौसेने उत्तर लिहायला सरसावल्या आणि त्यांना हसूच फुटलं. उरलेल्या अकराही जणी आधीच उत्तरं देऊन बसल्या होत्या, आणि सगळ्यात लांबलचक उत्तर होतं मास्तरीणबाईंचं.