हुबेहूब छप्पर

आईनं खोली रिकामी करून ठेवली होती. पलंग बाहेर कुंपणाशी. ट्रंक, खुर्ची, गाद्यांची वळकटी, सगळं बाहेर, आणि वर जुनी चादर टाकलेली. बारक्या खोका छातीशी धरून दारातच थबकला.

"हे काय गं? घर सोडतेस की काय?"

"घर कशाला सोडू? पत्रे बदलायचे तर पसारा आडवा नको यायला," आई म्हणाली. "माणसं उद्या येणार की परवा?"

बारक्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

आता बारक्या काही बारका राहिलेला नव्हता. अर्धं डोकं उघडं पडलं होतं. बिल्डर लोकांना इमारतींची मॉडेलं करून देण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण चकचकीत टॉवर करून करून जीव विटला, म्हणून प्रदर्शनासाठी त्यानं हौसेनं एक घर करायला घेतलं. ज्यात वाढला तेच. भिंती झाल्या, दारं झाली, आत इवलासा पलंगसुद्धा झाला. घोडं अडलं ते छपराशी. पातळ पत्रा सुयांच्या ओळीवर दाबून त्यानं पन्हळी पाडल्या. रंगावर मीठ भुरभुरून पोपडे काढले. भांडी घासायची तार व्हिनेगरमध्ये भिजत घालून ते तांबडं पाणी फासलं. छे! गंज काही केल्या गंजासारखा दिसेना. मग एकदम लक्षात आलं, अरे, काखेत कळसा अन् गावाला वळसा! त्यानं आईला फोन लावला.

"आपल्या छपराचे फोटो पाठव ना. जिथं जास्त सडलंय तिथले. अगदी जवळून."

छप्पर गळतं, हे आई पूर्वी सांगायची. तो 'बघू' म्हणायचा. पुढं तिनं सांगणं सोडून दिलं, आणि गळणंही थांबलं असावं, असं हा आपल्या सोयीनं धरून चालला. आता त्यानं आपणहून विचारलं, तर तिनं फोटो कशाला म्हणूनही विचारलं नाही. शेजारच्या शिंप्याला तिनं शिडीवर चढवलं. फोटो आले, यानं आणखी मागितले. भोकाची कड नीट दिसत नाही. जरा उन्हात काढायला सांग. शिंपी बिचारा एकदा पडता पडता वाचला.

आणि आज हा आला होता तो फक्त खऱ्या पत्र्याशी रंग ताडून बघायला. प्रदर्शन उद्यावर आलं होतं.

"काय साहेब, आले का माझे फोटो कामाला?" कुंपणापलीकडून शिंपी ओरडला. "तुमच्या आईनं गल्लीभर सांगून ठेवलंय, पोरानं छपराचं मनावर घेतलं म्हणून!"

बारक्यानं मान हलवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"आणि खोक्यात काय? नमुना का?" आईनं खोका काढून घेतलासुद्धा. पायरीवर बसून उघडला. "अगं बाई! आपलंच घर की रे हे!"

ती बघतच राहिली. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेली वीट, धुराड्यापाशी धरलेली काजळी, खिळ्याखिळ्याखाली ओघळलेला गंज. एकेक ओळखीचं निघालं, तशी ती हसत होती. पत्र्यावरून फिरता फिरता तिचं बोट एका भोकापाशी थांबलं.

"हे पलंगावरचं," ती म्हणाली. "म्हणजे गळतं कुठं, ते तुला ठाऊक होतं."

टोमणा असता तर परवडला असता. ती कौतुकानंच बोलली होती.

"आणि मोठे पत्रे?"

बारक्या तिच्याशेजारी पायरीवर टेकला. "आई, हे... हे प्रदर्शनात ठेवायचंय. उद्या. फोटो त्याच्यासाठीच हवे होते."

"असं होय," आई म्हणाली. घर अलगद खाली ठेवून ती उठली आणि आत गेली. रडायला गेली असेल, असं त्याला वाटलं. तिच्या मागं जायचंही त्याला तोंड राहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती आली ती खोकल्याच्या बाटलीचं बूच घेऊन. तिनं दोन बोटांनी छप्पर उचललं, जपून, कुठं काही मोडायला नको असं. आणि ते बूच इवल्याशा पलंगावर उताणं ठेवलं, बरोबर भोकाखाली.

"एवढं राहिलं होतं बघ," ती म्हणाली. "पातेलं पायथ्याशी असतं. मी पाय पोटाशी घेऊन झोपते."