तेजाचा पहिला नकार

निवृत्त शिक्षिका इंदुमती सबनीस यांनी हल्ल्याचं बटण तिसऱ्यांदा दाबलं, पण पडद्यावरची त्यांची योद्धा, तेजा, जागची हलली नाही. शरण आलेला राक्षस तिच्यासमोर गुडघे टेकून बसला होता. त्याला मारलं की गेमच्या स्पर्धेची विजयाची ढाल बाईंचीच होती.

"तेजा, वार कर!"

"नाही, बाई." तेजाने तलवार म्यान केली. "सहा वर्षांत शरण आलेल्या एकालाही तुम्ही मारू दिलं नाहीत. मग आज ढालीसाठी कशाला?"

बाईंची मान खाली गेली. तेवढ्यात वेळ संपली आणि शेजारी बसलेले प्रतिस्पर्धी दाभाडे जिंकले.

"पात्र बिघडलं वाटतं तुमचं," दाभाडे म्हणाले. "कंपनीला परत करा. मुकाट ऐकणारं नवं देतात."

"बिघडलं?" बाई ताडकन उठल्या. "स्वतःच्या मनाने वागायला किती पात्रं शिकतात हो? तुमचं शिकलंय?"

बाईंनी तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"अहो, येताना पेढे आणा."

"जिंकलीस?"

"छे, सपशेल हरले! आपली तेजा आज मला नाही म्हणाली."